नाव न घ्यायचं दुखणं

रखमाजीचा एकच हात दिसला म्हणून कल्याणनं क्रेन उजवीकडे घेतली. एवढंच झालं होतं. नंतर किती वेळा आठवलं तरी त्यात याहून जास्त काही सापडत नव्हतं. गुरुवार होता, सकाळचे अकरा वाजून गेले होते. जालन्याच्या एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात माल भरायच्या शेडमध्ये तो चाळीस फूट उंचावरच्या केबिनमध्ये बसला होता, आणि त्याच्या खाली बारा मीटर लांब सळयांचा बंडल दोन साखळ्यांवर तरंगत होता. फरशीवर रखमाजी उभा होता. मालाला साखळी बांधायची आणि वरच्या माणसाला हातानं वाट दाखवायची, हे खलाशाचं काम तो वीस वर्षं करत आला होता. तिथल्या गोंगाटात तोंडाचा उपयोग नाही, हातच बोलतात. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. तळवा खाली दाबला की सोड. एक हात आडवा लांब केला की त्या अंगाला ने. दोन्ही हात आडवे पसरले की थांब, आहे तिथंच थांब. रखमाजीनं दोन्ही हात पसरले होते. कल्याणला एक दिसला. बंडल उजवीकडे निघाला, ट्रकवर माल लावून घेणारा रामप्रसाद तिथं पाठमोरा उभा होता, आणि कुणाच्या ओरडण्यानं की कशानं कोण जाणे, तो ट्रकच्या हौद्यात पालथा पडला. बंडल त्याच्या पाठीवरून गेला. मधे वीतभर जागा असेल. कल्याणनं लिव्हर सोडला तेव्हा बंडल पुढं जाऊन झुलत होता आणि खाली रखमाजीनं डोक्यावरचं हेल्मेट काढून फरशीवर आपटलं होतं.

काळा डाग आला असता, अंधारी आली असती, तर त्याला कळलं असतं. तसं काही आलं नव्हतं. डाव्या बाजूला शेडची भिंत होती, पत्र्याच्या फटीतून येणारा उजेड होता, सगळं जागच्या जागी होतं. फक्त रखमाजी अर्ध्यावर संपत होता आणि माणूस तेवढाच असतो असं वाटत होतं. जे नाही ते नाही म्हणून दिसत नाही, ही गोष्ट त्याला पुढं फार दिवस छळणार होती. पाच-सात मिनिटांनी त्या बाजूला करवतीच्या दातांसारखी झगझगीत रेघ थरथरायला लागली, तेव्हा त्याला कळलं की ते आलं आहे.

शिडी उतरून खाली आला तोवर माणसं जमली होती. रामप्रसाद गुडघे झटकत हसत होता, पण ओठ पांढरे पडले होते. "आरं, मी तं सरळ लोटांगणच घातलं," तो म्हणत होता, "देवाला न्हाई घातलं कधी, सळईला घातलं." कुणी हसलं, कुणी नाही. रखमाजी पुढं आला. पन्नाशी ओलांडलेला, आवाज न चढवणारा माणूस. त्यानं कल्याणच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ब्रेक सरकला का रं?" कल्याणला काही सुचायच्या आत त्याच्या तोंडून गेलं, "हौ. सरकला वाटतं." वाटतं हा शब्द त्यानं मुद्दाम लावला नव्हता, तो आपोआप लागला, आणि त्या शब्दाच्या आडोशाला तो पुढचे पाच दिवस बसून राहिला.

मग इलेक्ट्रिशियन भारतला बोलावलं. तो पिशवी खांद्याला लावून वर गेला, दीड तास ब्रेक खोलून बसला, खाली येऊन म्हणाला, "लायनर चांगलेत. कॉईल चांगली. सगळं बराबर हाय." शिफ्टचे साहेब म्हणाले, बराबर आहे तर सरकला कसा? उत्तर भारतपासून चार पावलांवर, पाण्याच्या टाकीला टेकून, डावा डोळा तळव्यानं दाबून उभं होतं. दुखणं आता कानशिलात शिरलं होतं. आधी डोळ्यामागं एक ठोका, मग तिथून मानेपर्यंत एक दोरी, आणि मग ती दोरी कुणीतरी पीळ देत आवळायला लागतं. पत्र्यावर सळई आदळली की पोटातलं वर येत होतं. कल्याण संडासात गेला, कडी लावली, आवाज न करता ओकला, चूळ भरली आणि तोंड पुसून कामावर आला. डोकं दुखतंय, एवढं दोन शब्दांचं वाक्य. ते त्याला बोलायचं नव्हतं. बोललं असतं तर महिनाभराची मेहनत गेली असती. औषधाचे चार रविवार झाले होते, तीन राहिले होते.

हे दुखणं त्याच्या घरात आधीपासून होतं. त्याचा बाप कडूबा केदारखेड्याच्या शिवारात शेती करायचा, आणि महिन्यातून दोन-तीनदा भर दिवसा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत दार लावून पडायचा. कल्याण सात-आठ वर्षांचा असताना एकदा भाकरी घेऊन गेला होता. आत अंधार, ओल, मोटारीच्या तेलाचा वास, आणि बाप भिंतीकडे तोंड करून, डोक्याला धोतराचं ओलं फडकं आवळून. "दार लाव," तो म्हणाला होता, "दार लाव, उजेड टोचून राह्यला." पारावर लोक म्हणायचे, कडूबाचं डोकं बरं पेरणी बघून दुखतं. निंदायच्या टायमाला त्याची अर्धशिशी, जेवायच्या टायमाला पुरी शुद्ध. बापानं कधी उलटून उत्तर दिलं नाही. ताप असता तर अंगाला हात लावून दाखवता आला असता, पाय मोडला असता तर लोकांनी उचलून नेला असता. डोक्याच्या अर्ध्या भागात जे होतं त्याला साक्षीदार नसतो. कल्याणला बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा झालं तेव्हा दुखण्याच्या आधी शरम आली. आपल्यालाही लोक तेच म्हणतील. म्हणून तो शहरात आला, मशीन शिकला, वीस वर्षांत दुखण्यापायी एक खाडा केला नाही. गोळी खायची आणि वर जायचं. आधी महिन्याला दोन, मग आठवड्याला दोन, मग एक दिवस सुरेखानं त्याच्या पँटच्या खिशांतून रिकामी पाकिटं काढून पलंगावर ओळीनं मांडली आणि चहा ठेवायला गेली.

डॉक्टरांनी तीच पाकिटं पाहिली. म्हणाले, "आता या गोळ्यांमुळंच तुमचं डोकं दुखतंय. दुखतं म्हणून गोळी, गोळी उतरली की परत दुखतं. हे आधी बंद करायचं. रोज रात्री घ्यायची दुसरी देतो, तिनं दुखणं येणंच कमी होईल. सुरुवातीला गुंगी येते. काम काय करता?" कल्याण म्हणाला, "शेती." का म्हणाला ते त्याला तेव्हाही ठाऊक होतं. क्रेन म्हटलं असतं तर कागदावर काहीतरी लिहिलं गेलं असतं. डॉक्टर म्हणाले, मग हरकत नाही, मशीनवर वगैरे मात्र काम करू नका. वेळेवर झोपा, वेळेवर जेवा, उपाशी राहू नका, पाणी प्या, कशानं वाढतं ते वहीत लिहा. ती नवी गोळी त्यानं दोन रात्री घेतली. तिसऱ्या सकाळी केबिनमध्ये त्याच्या पापण्या मिटल्या, किती वेळ ते माहीत नाही, उघडल्या तेव्हा खाली भट्टीतून आलेला लाल माल तसाच पुढं पळत होता. त्यानं उरलेल्या गोळ्या फेकल्या.

मग सुरेखाचं राज्य आलं. सुंठ उगाळून कपाळाला लेप. नाकात गाईच्या तुपाचे दोन थेंब. सूर्य उगवायच्या आत गरम दुधात जिलबी, त्यासाठी कल्याण साडेपाचला हलवायाच्या दुकानासमोर जाऊन उभा राहायचा आणि तो कढईखाली जाळ लावत म्हणायचा, "आज बी पहिलं गिऱ्हाईक तुमीच?" मानेला बर्फ, पाय कोमट पाण्यात. शेजारणीनं सांगितलं म्हणून अंगठा आणि बोट यांच्या मधला भाग चिमटीत दाबायचा. मोबाईलवर कुणी सांगितलं म्हणून हिरवा दिवा आणला, त्याच्या उजेडात दोघंही आजारी दिसायचे. "हिरवं काय हिरवं," कल्याण एकदा चिडून म्हणाला, "मी काय कैरी हाय का, पिकवायला ठिवली?" सुरेखा हसली आणि तिनं दिवा तसाच ठेवला. काही उपाय थोडे लागू पडले, काही नाही. आणि जे पडले ते का पडले हे कळायला मार्ग नव्हता. वही तिनंच लिहिली. तिच्या अक्षरात ओळी होत्या: शिळं खाल्लं, दुखलं. सकाळी नुसत्या चहावर गेले, दुखलं. रविवारी उशिरा उठले, दुखलं.

झुंबर मावशीचं नाव आईनं काढलं. केदारखेड्यात नदीकडच्या अंगाला राहणारी म्हातारी, कुणाकडून काही न घेता अर्धशिशीचं औषध देणारी. कल्याणनं तिला लहानपणी पाहिलं होतं. बापाला का नाही नेलं तिच्याकडं, हे त्यानं आईला विचारलं नाही. पहिल्या रविवारी तो गेला तेव्हा झुंजुमुंजू होतं. मावशीनं त्याला उगवतीकडं तोंड करून पाटावर बसवलं, ज्या बाजूला दुखतं तिच्या उलट्या नाकपुडीत कोमट तुपातलं काहीतरी सोडलं, कपाळावर अंगठा फिरवत राहिली, आणि मग नियम सांगितले. सात रविवार. आदल्या दिवशी दिवेलागणीच्या आत जेवायचं आणि निजायचं. बाकीचे दिवसही तीच येळ, तोच घास. शिळं न्हाई, गोळी बिलकुल न्हाई. उपाशीपोटी घराबाहेर पडायचं न्हाई. "आन् एक," ती म्हणाली होती, "ह्याचं नाव आता तोंडातून काढायचं न्हाई. सात आयतवार होईस्तोवर. दुखलं तरी दुखलं म्हणायचं न्हाई. नाव घेतलं की त्याला वाटतं आपल्याला हाक मारली. आल्या वाटंनं म्हागारी येतं, आन् मंग मी दिलेलं औषध त्या माणसाला परत लागू पडत न्हाई."

गोळी सोडल्यावर पहिले दहा दिवस नरक होता. तो त्यानं तोंड मिटून काढला. आणि मग खरंच कमी झालं. आठवड्याला चारदा यायचं ते एकदा आलं. तिसऱ्या आठवड्यात आलंच नाही. बुधवारी सकाळी केबिनमध्ये बसून त्यानं शेडच्या दारातून दिसणारं आभाळ पाहिलं आणि त्याला वाटलं, लोक रोज असंच जगतात, डोक्यात कुणी नसताना. कशानं कमी झालं? झोपेनं? वेळच्या वेळी जेवल्यानं? गोळी सुटल्यानं? तुपानं? की नाव न घेतल्यानं? दोन साखळ्यांवर माल असला की भार कुठल्या साखळीवर जास्त आहे हे खालून सांगता येत नाही, एक काढून बघावी लागते. आणि माल वर असताना साखळी कोण काढून बघतो?

गुरुवारी तो घरी आला तेव्हा सुरेखानं त्याच्या डोळ्याकडं पाहिलं आणि खिडकीचा पडदा ओढला. तीही नाव घेत नव्हती. तिच्या मते तिनं घेतलं तरी पथ्य मोडेल. "ते?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. "लई?" त्यानं पुन्हा मान हलवली. तो आडवा झाला, तिनं ओलं फडकं कपाळावर ठेवलं, आणि तो अंधारात म्हणाला, "आज रामप्रसाद वाचला." तिचा हात थांबला. त्यानं सगळं सांगितलं; फक्त ते कशामुळं झालं हे सांगितलं नाही, पण ते तिला न सांगता कळलं. "मंग रजा टाका," ती म्हणाली. "काय लिहू अर्जात?" "ताप लिवा." "तापाचा कागद मागतेत." "मंग साहेबाला एकट्याला बाजूला घिऊन—" ती मधेच थांबली. बाजूला घेऊन काय सांगायचं? "तीन आयतवार राह्यलेत," ती हळू म्हणाली, "तीनच. अवो, मी तुमाला वीस वर्सं बघितलंय. ह्या महिन्यात मी पहिल्यांदा घरात तांब्या-वाटी वाजवलीय न भेता." त्याला तिचा राग आला आणि ती खरं बोलत होती याचाही राग आला.

शुक्रवारी त्यानं युक्ती शोधली. प्रत्येक इशाऱ्याला मान डावीकडं वळवून रखमाजीला उजव्या अंगाला घ्यायचं. डाव्या अंगाचं काही गिळलं गेलं असेल तर ते असं सापडेल. एकदा सरळ बघायचं, एकदा मान वळवून, मग लिव्हर. दृष्टी अगदी शाबूत होती, तरी तो बघत होता, कारण नसलेलं दिसत नाही हे आता कळलं होतं. आपल्याला जे दिसतं ते सगळं आहे का? समोरच्या भिंतीवर पाच पंखे आहेत की सहा? तो मोजायचा, मान वळवून पुन्हा मोजायचा. सहा. सहा. काम हळू झालं. ट्रकवाले खोळंबले. जेवणाच्या सुट्टीत रखमाजी डबा उघडत म्हणाला, "मान कामून वाकडी करून राह्यलास? कोंबड्यावानी?" कल्याण म्हणाला, "उशी चुकली." "इतकी?" रखमाजी म्हणाला आणि त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. पलीकडं भारत एकटाच जेवत होता. साहेबांनी त्याच्याकडून लिहून घेतलं होतं, तपासणीत हयगय झाली म्हणून. "मी चारदा खोलला," भारत कुणाकडंच न बघता म्हणाला, "माझ्या लेकरांची आन घिऊन सांगतो, ब्रेक चांगलाय." कल्याण पाणी प्यायला. पाणी पीत जा, डॉक्टर म्हणाले होते.

शनिवारी संध्याकाळी तो मोटारसायकलवर केदारखेड्याला गेला. आई पुष्पाबाईनं ऊन उतरायच्या आत ताट वाढलं. तव्यावरून उतरलेली भाकरी, शेपूची भाजी, ताजं ताक. ती समोर बसून बघत होती. "फरक हाय का?" म्हणाली, आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. मग भांडी ओढत, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल, ती म्हणाली, "एकदा लोकांसारखं मीबी म्हन्ले व्हते त्याला. कापूस वेचणीत. म्हन्लं, तुमी पडा, मी हाय ना बैल. त्याच्यानंतर तुझ्या बापानं मला कधी सांगितलंच न्हाई. मोटारीच्या खोलीत जायचा आन् यायचा. मीबी इचारलं न्हाई." कल्याणनं ताटात पाणी टाकलं. बाप पंचवीस वर्षं न सांगता राहिला होता, कुठल्याही औषधाशिवाय. सांगायचं नाही हा नियम त्यानं कुणाकडून घेतला नव्हता. आणि त्याचं दुखणं त्यानं कमी झालं नव्हतं. हा विचार मनात आला तसा कल्याणनं तो बाजूला सारला. औषध चालू असताना औषधावर शंका घेऊ नये, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी वाटलं.

रविवारी मावशी अंगणात त्याची वाटच बघत होती. पाट, उगवती, तुपाचा थेंब. अंगठा कपाळावरून फिरत होता आणि कल्याणच्या डोक्यात प्रश्न फिरत होता. सांगितलं नाही तर माणूस मरेल, तरी सांगायचं नाही का? पण हे विचारायचं म्हणजे त्या दुखण्याचं बोलणं काढणंच झालं. तो आडवळणानं गेला. "मावशी, समजा एखाद्याला नियम मोडावाच लागला तं?" अंगठा थांबला. "कोन्ता? शिळं खाल्लं का?" "न्हाई." "गोळी गिळली?" "न्हाई, न्हाई." "मंग काय चोरून झोपलास का काय दुपारचा?" म्हातारी हसली, हसताना तिला खोकला आला. कल्याणनं डोळे मिटून विचारलं, "हे नियम तुमी ठरवले का?" "मी कशाला ठरवू? माझ्या सासूनं सांगितले, तिला तिच्या सासूनं. माझी सासू म्हनायची, बाई माणसानं डोकं दुखतं म्हन्लं की घरात भांडण व्हतं. त्यापरीस म्हनूच न्हाई." ती सहज बोलून गेली आणि वाटी धुवायला उठली. कल्याण पाटावरच बसून राहिला. मग हे औषध होतं की नुसतं घरातलं भांडण टाळणं होतं? की भांडण टाळणं हेच औषध होतं? मावशीच्या आयुष्यात हजारो लोकांना इथं उतार पडला होता, त्यालाही पडला होता. निघताना मावशी म्हणाली, "दोन राह्यले. दात खाऊन काढ."

सोमवार गेला. मंगळवारी दहाच्या सुमाराला बंडल ट्रकच्या वर आला होता. ट्रकमध्ये रामप्रसाद होता, खाली रखमाजी. रखमाजीचा हात लांब झाला. कल्याणनं सरळ पाहिलं, एक हात. मान वळवली. एक हात. पण रामप्रसादच्या खांद्यावर डोकं नव्हतं. रक्त नाही, काही नाही. खांद्याच्या वर नुसतं शेड होतं. त्यानं पंखे मोजले. चार. मान वळवली. पाच. आणि त्या पाचव्याच्या कडेला ती रेघ थरथरायला लागली. त्यानं दोन्ही लिव्हरवरून हात काढले, जणू ते तापले होते, आणि घंटेचं बटण दाबलं. दाबून धरलं. घंटा वाजत राहिली, खाली माणसं इकडंतिकडं धावली, ट्रकमधून रामप्रसादनं उडी मारली. बंडल वर तसाच लटकत होता. कल्याणनं बटण सोडलं आणि शिडीला हात घातला.

शिडीला बेचाळीस पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरी तो चाचपून उतरत होता आणि खालून त्याला तयार उत्तर ऐकू येत होतं. "ब्रेक! परत ब्रेक!" कुणीतरी ओरडत होतं. भारत पिशवी घेऊन धावत येताना दिसला, म्हणजे त्याची उजवी बाजू दिसली, पिशवी आणि एक पाय. काही करावं लागणार नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. माल वरच आहे, माणसं बाजूला झाली आहेत, आज कुणाला काही होणार नाही. ब्रेक म्हटलं की भारत तास-दीड तास वर बसेल, तेवढ्यात डोळ्यांसमोरचं निघून जाईल, आणि दुखणं संडासात काढता येईल. मग दोन रविवार. दोनच. सुरेखा घरात भांडी वाजवेल. तो विसाव्या पायरीवर थांबला. आणि परवा? दोन रविवारांच्या आधी शुक्रवार होता, बुधवार होता. घंटा दाबायला आज वेळ मिळाला. गुरुवारी मिळाला नव्हता. तिसऱ्या खेपेला त्याला न दिसणारा हात कुणाचा असेल हे तेव्हाही त्याला दिसणार नव्हतं. ज्या भागातलं सगळं नाहीसं होतं त्याच भागात माणूस उभा असतो. पुढं पाय टेकले ते थेट फरशीला.

"सरकला ना?" भारत म्हणाला. त्याच्या आवाजात विनवणी होती. सरकला म्हण, म्हणजे निदान काहीतरी सापडेल.

"न्हाई," कल्याण म्हणाला. "ब्रेक बराबर हाय. त्या दिवशीबी बराबर व्हता." तो रखमाजीकडं वळला. "मला अर्धशिशी हाय." महिन्यानंतर तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा त्याला तो बापाच्या आवाजात ऐकू आला. "दुखायच्या आधी मला अर्धं दिसत न्हाई. डावीकडचं. गुरुवारी तुमचा एकच हात दिसला, रखमाजीभाऊ."

रखमाजीचा न चढणारा आवाज चढला. "सहा दिवस!" तो म्हणाला. "सहा दिवस मी त्या ब्रेकला माय-भैनीवरून शिव्या देऊन राह्यलो! तू वर बसून अर्धा माणूस बघून माल उचलत व्हता? ह्या रामप्रसादचं काय झालं असतं? आन् ह्या पोराचं?" त्यानं भारतकडं हात केला. भारतनं पिशवी खाली ठेवली होती आणि तो तिच्याकडंच बघत होता, तोंड वाकडं करून, रडावं की शिवी द्यावी ते न ठरल्यासारखा. रामप्रसाद म्हणाला, "सांगायचं तं. तोंड न्हाई का?" साहेब आले. त्यांनी एकदा ऐकलं, पुन्हा एकदा सांगायला लावलं. कल्याणनं पुन्हा सांगितलं, नाव घेऊन. ते म्हणाले, डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय वर चढायचं नाही, आणि कागद आणला तरी वर पाठवतील का ते आता सांगता येत नाही. कल्याण हौ म्हणाला. दुसऱ्या शेडमधून ऑपरेटर यायला वीस मिनिटं लागणार होती. तोवर बंडलच्या खालून कुणी जायचं नाही म्हणून रखमाजीनं स्वतः दोर बांधला.

कल्याण सळयांच्या ढिगाच्या सावलीला जाऊन बसला. रेघ आता डोळ्यांच्या कडेपर्यंत गेली होती. डोळ्यामागं पहिला ठोका पडला. मावशीनं म्हटलं तसं ते हाक ऐकून आलं, की इतके दिवस साठवलेल्या भीतीनं आलं, की येणारच होतं म्हणून आलं, हे शोधायची त्याच्यात ताकद नव्हती. त्यानं डोळे मिटले. कुणीतरी पाण्याचा जग आणून समोर ठेवला. डोळे उघडले तर जग होता, आणणारा नव्हता.

"कोन्या अंगाचं दिसंना म्हन्लास?" रखमाजीचा आवाज आला. राग अजून त्यात होता.

"डाव्या."

बुटांचा आवाज झाला. रखमाजी त्याला वळसा घालून उजवीकडं आला, गुडघे कुरकुरत खाली बसला, आणि म्हणाला, "आता दिसतो का पुरा?"

"हौ."

"मंग सांग," रखमाजी म्हणाला, "कधीपासून हाय हे?"